शेवटचे पान दुकानात

पंचशीला सोनकांबळे हिने आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या तरुणाची आज्ञा निमूट पाळली, ती वावटळीमुळे.

वैशाखातली दुपार कलत होती. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीतून सुटून ती लातूरच्या गोलाईच्या, तिथल्या गोल बाजारपेठेच्या, कडेने घरी निघाली होती, तोच समोरून धुळीचा एक उंच खांब गरगरत आला. पदर तोंडावर ओढून ती सापडेल त्या पायरीवर चढली. किराणा दुकानाचा तो एक कोपरा होता. तिथे एक तरुण दोन्ही हात पसरून पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर जवळजवळ आडवा झाला होता आणि तिसरी थप्पी पानापानाने उडायच्या बेतात होती.

"बाई, तेवढा हात ठेवा की तिच्यावर," तो म्हणाला. "लई उपकार होतील."

तिने हात ठेवला, वर आपला जेवणाचा डबाही ठेवला. वावटळ गोलाईला वळसा घालून निघून गेली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"तुमच्या भुवया पिकल्या," ती म्हणाली.

"तुमच्या बी पिकल्यात. म्हणजे म्हातारे झालो की आपण... बरोबरच."

हसायचे नाही असे तिने ठरवले होते. धूळ झटकण्याच्या निमित्ताने ती हसली.

तरुणाचे नाव भीमाशंकर. दुकान त्याचे वडील गुरुपादप्पा यांचे. कोपरा मात्र त्याचा. तिथून तो चित्रकथांची पुस्तके वाचायला देत असे. जिल्हा झाल्यापासून गावात नवनवे कारकून आणि अधिकारी आले होते, आणि वडिलांच्या नजरेत त्या कोपऱ्याला अलीकडे थोडी किंमत आली होती.

"लहान मुलांची पुस्तके," पंचशीला डबा उचलत म्हणाली.

"तहसीलदार साहेब नेतात."

"स्वतःसाठी?"

"पोराच्या नावावर. पोरगं अजून रांगतंय."

या वेळी हसण्यासाठी धूळही उरली नव्हती. त्याने तेवढ्यात थप्पीतून एक अंक काढून तिच्यापुढे धरला. मुखपृष्ठावर निळा मुखवटा घातलेला एक माणूस कोसळता पूल खांद्यावर तोलून उभा होता. मालिकेचे नाव होते नीलझेप.

"ह्याच्यापासून सुरू करा. हा तिसरा अंक हाय."

"पहिल्यापासून नाही?"

"पहिल्या दोन अंकांत चित्रकार दुसरा होता. त्यानं नीलझेपची मान आखूड काढलीय. तिसऱ्यापासून मान बी बरी हाय अन् माणूस बी. पहिले दोन मागनं वाचा. ओळख झाल्यावर आपण एखाद्याचे लहानपणचे फोटू बघतो की न्हाई... तसं."

"आणि करतो काय हा?"

"दिवसा घड्याळं दुरुस्त करतो. संकट आलं की मुखवटा घालून झेप घेतो. आगगाडी थांबवतो, पूल उचलतो. पण चार लोकांत मुखवटा काढला की सगळी ताकद गेली. कायमची."

"मग बाई कुठे आहे? अशा गोष्टीत एक बाई असतेच."

"चंद्रिका. तिला एकदा त्याचा चेहरा बघायचाय. बाकी काही मागत न्हाई ती."

"शहाणी दिसते," पंचशीला म्हणाली, आणि अंक पिशवीत टाकून पायरी उतरली.

ती मूळची नांदेडची. वडील लिंबाजी गिरणीत कामाला होते. मुलगी टंकलेखनाच्या परीक्षेत पहिल्याच खेपेला पास झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर साखर वाटली होती. नव्या कचेरीत तिची नेमणूक टंचाई शाखेत झाली. खेड्यापाड्यांचे आणि शहरातलेही पाण्याचे टँकर उद्या कुठे आणि केव्हा जाणार, हे रोज संध्याकाळी तिच्या यंत्रावर उतरे. दोन वर्षे पावसाने पाठ फिरवली होती. कोणत्या गल्लीत सकाळी घागरी भरणार, हे लातुरात सर्वांत आधी पंचशीलाच्या बोटांना कळत असे. ती आत्या नागुबाईकडे राहात होती. आत्याकडे अंघोळीचे पाणी झाडाला आणि भांड्यांचे पाणी अंगणाला जात असे.

त्या रात्री जेवणानंतर तिने अंक उघडला आणि संपेपर्यंत ठेवला नाही. पण तो संपलाच नाही. चंद्रिका पुलावरून खाली पडत होती, नीलझेपचा हात तिच्याकडे झेपावला होता, आणि पुढचे पान फाडलेले होते.

दुसऱ्या दिवशी ती तरातरा दुकानात गेली. "फाटके पुस्तक देता आणि वर शिफारस करता?"

भीमाशंकरने शांतपणे डोक्यावरच्या पाटीकडे बोट केले. 'शेवटचे पान दुकानात' असे तिथे खडूने लिहिले होते. कारण साधे होते. नवा जिल्हा म्हणजे बदल्यांचा जिल्हा. आज आलेला साहेब उद्या दुसऱ्या गावी जाई, आणि अंक त्याच्या सामानाबरोबर जात. कोणी नेलेला अंक अख्ख्या गल्लीला फुकट वाचायला देई. म्हणून त्याने हा रिवाज पाडला होता. शेवटची पाने गल्ल्याजवळच्या पत्र्याच्या डब्यात राहात. अंक परत करायचा, आणि उभ्याउभ्या पान वाचून जायचे.

त्याने पान काढून दिले, आणि दुकानाच्या घागरीतून पाण्याचा पेला भरून पुढे ठेवला. त्या उन्हाळ्यात पाणी देणे म्हणजे काय, हे ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांनाच ठाऊक. तिने पान वाचले, पाणी प्यायले. चंद्रिका वाचली होती.

"पुढचा द्या," ती म्हणाली.

असा तो क्रम सुरू झाला. ती पान वाची आणि तो तिचा चेहरा वाची. पान वाचायला एका माणसाला किती वेळ लागावा? पंचशीलाला दिवसेंदिवस जास्त लागू लागला. एका अंकात पाऊस होता. चित्रकाराने निळ्या शाईच्या तिरक्या रेघांनी सगळे पान भिजवले होते. तिने त्यावरून हलकेच बोट फिरवले, आणि बोटाला शाईसुद्धा लागली नाही.

"तुमचा वीर पूल उचलतो. मग एक ढग ओढून इकडे का आणत नाही?"

"अकराव्या अंकात बघितलं की करून. न्हाई जमलं. म्हणून तर आवडतो मला."

"जमले नाही म्हणून?"

"जमत न्हाई, हे तोंडानं कबूल केलं म्हणून."

पेल्याच्या काठावरून तिने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याने उगाच डबा उघडून बंद केला.

"एक सांगू का?" तो हळूच म्हणाला. "बाकी गिऱ्हाइकाला मी दोन अंक देतो एका खेपेला. तुम्हाला एकच."

"का बरे?"

"दोन दिले तर... एक दिवसाआड याल."

गोलाईतल्या गाड्यांचा आवाज चालूच होता. तिच्या कानाला मात्र तो क्षणभर ऐकू आला नाही.

"भीमाशंकर," तिने प्रथमच त्याला नावाने हाक मारली. "अशी वाक्ये दुकानात बोलून सोडायची नसतात. घरीही बोलावी लागतात."

"बोलतो. अप्पांशी बोलतो. सोमवारी."

सोमवारी ती गेली, तेव्हा गुरुपादप्पा स्वतः गादीवर बसले होते. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, आवाज मऊ.

"या बाई. कोण्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?"

"नांदेडची."

"नांदेडात कोण्या भागात?"

तिने भाग सांगितला.

"आडनाव काय म्हणलात?"

त्यांना काय विचारायचे आहे, हे तिला कळले होते. लिंबाजीच्या लेकीला आडून विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे वळण होते. "पंचशीला लिंबाजी सोनकांबळे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली."

अप्पांनी मान डोलावली. त्या मानेत राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

बाहेर ऊन तापले होते. तिच्या घशाला कोरड पडली होती. भीमाशंकरचा हात सवयीने पेल्याकडे गेला, पेला घेऊन घागरीकडे वळला.

"घागर रिकामी हाय," अप्पा मान वर न करता म्हणाले. "आज टँकर आला न्हाई."

टँकर आला होता. सकाळची पहिली फेरी गोलाईचीच होती. शनिवारी संध्याकाळी, सोमवारच्या यादीत, ती ओळ पंचशीलाच्याच बोटांखालून गेली होती. दुकानासमोरची माती अजून ओली होती, आणि मातीच्या घागरीच्या पोटावर पाण्याचे थेंब फुटले होते.

ती अप्पांकडे पाहत नव्हती. अप्पांविषयी तिची काही अपेक्षा नव्हती. ती भीमाशंकरकडे पाहत होती. त्याने वडिलांशी भांडावे, लग्नाची गोष्ट काढावी, असे काही तिने त्या क्षणी मागितले नव्हते. घागरीत पाणी आहे, एवढेच त्याने म्हणायचे होते.

भीमाशंकरचा हात मागे आला. त्याने पेला पालथा ठेवला, आणि डब्यातली आधीच नीट लावलेली पाने तो पुन्हा लावू लागला.

पंचशीलाने अंक गल्ल्यावर ठेवला आणि शेवटचे पान न वाचता ती पायरी उतरली.

तो दुसऱ्या दिवशी कचेरीच्या फाटकाशी आला. चेहरा ओढलेला, डोळे जागरणाचे.

"नीलम्माचं लग्न ठरलंय," तो म्हणाला. नीलम्मा त्याची धाकटी बहीण. "औशाला दिलीय. आत्ता काही निघालं तर तिचं मोडंल. लग्न होऊ द्या. दिवाळीनंतर मी..."

"दिवाळीनंतर तिची पंचमी, मग तिचे बाळंतपण, मग अप्पांचे वय."

"मी भ्यालो असं वाटतंय तुम्हाला."

"वाटायचे काय त्यात? मी समोर उभी होते." तिचा आवाज चढला नाही. "मी तुमच्याजवळ घर मागितले नव्हते, भीमाशंकर. पाणी मागितले होते, आणि तेही तोंडाने नाही."

तिने नांदेडला बदली मागून घेतली. नव्या जिल्ह्यात यायला लोक धडपडत होते, त्यामुळे तिची जागा लगेच भरली. नागुबाईने ट्रंक बांधून दिली आणि म्हणाली, "रडायचं असंल तर हितंच रड, पोरी. बसमधी तोंड धुवायला पाणी न्हाई." पंचशीला रडली नाही. आत्यालाच पदर डोळ्यांना लावावा लागला.

बस निघायच्या वेळी तो धावत आला. खिडकीतून त्याने एक अंक आत दिला. कोरा करकरीत.

"नवा हाय. अन् शेवटचा. ह्याच्यापुढं नीलझेप निघणार न्हाई म्हणे." त्याला धाप लागली होती. "शेवटचं पान आतच हाय. दाभणानं शिवलंय मी. म्हणलं... तुम्हाला परत यावं लागू नये."

तिने अंक मांडीवर पालथा घातला. दोऱ्याचे टाके वेडेवाकडे होते. तिने ते पान न बघता सोडवले आणि खिडकीतून त्याच्या हातात ठेवले.

"शेवटचे पान दुकानदाराकडे राहते. रिवाज तुमचाच आहे. या खेपेला मात्र गिऱ्हाईक दुकानात येणार नाही. दुकानदाराने पान घेऊन नांदेडला यायचे. दिवसाउजेडी, माझ्या वडिलांसमोर."

त्याचे डोळे भरून आले. "येतो," तो म्हणाला. "बघा तुम्ही. येतो मी."

तिने विश्वास ठेवला. तिचे दुःख खरे म्हणजे तिथून सुरू झाले.

अहमदपूर जाईपर्यंत तिने अंक वाचून काढला. अखेरीस नीलझेप भर बाजारात उभा होता, भोवती सगळे नगर जमले होते, समोर चंद्रिका होती, आणि त्याचा हात मुखवट्याकडे गेला होता. त्यापुढे फक्त टाक्यांची भोके होती.

मृग कोरडा गेला. आर्द्रा मात्र लागली आणि नांदेडवर पाऊस असा कोसळला की गोदावरीचा घाट दिसेना. लोक रस्त्यावर येऊन भिजले. पंचशीला दर रविवारी माठ घासून भरी, पेले राखेने उजळवी आणि दाराकडे तोंड करून निवडणे घेऊन बसे.

"कोणी यायचंय का गं?" लिंबाजी विचारीत.

"आले तर येतील, बाबा."

दसरा गेला. दिवाळीच्या पणत्या अंगणातून उचलल्या गेल्या. नीलम्मा आता सासरी नांदत असेल, असा हिशेब तिने मनात केला, आणि तिचे दाराकडे पाहणे आणखी वाढले.

मग एका सकाळी टपाल आले. पाकिटावर अक्षर त्याचे होते. आत चौघडी घातलेले ते पान होते. दुसरा कागद नव्हता. तिने पाकीट उलटे करून झटकले, आत बोटे घालून पाहिली. एक ओळसुद्धा नव्हती.

दारातच, सवयीप्रमाणे उभ्याने, तिने पान वाचले. नीलझेपने मुखवटा काढला होता. चेहरा अगदी साधा होता, कुठल्याही घड्याळजीचा असावा तसा. त्याची ताकद गेली होती, माणसे त्याला हसत होती, आणि तो चंद्रिकेसमोर मान वर करून उभा होता. चंद्रिका म्हणत होती, "एवढेच पाहायचे होते."

भीमाशंकर प्रत्येक अंक आधी स्वतः वाची. हे पान वाचूनच त्याने ते शिवले होते. कागदावरच्या माणसाने काय केले हे त्याला पुरते ठाऊक होते. ते ठाऊक असून त्याने पानाची चौघडी घातली, पाकीट चिकटवले आणि पेटीत टाकले.

"कोण आलंय गं?" आतून लिंबाजींनी विचारले.

"कोणी नाही, बाबा." तिने पानाची पुन्हा चौघडी घातली. "पोस्टमन होता."

"एवढ्या लांबून पायपीट करत येतो बिचारा. पाण्याचं तरी विचारलीस का त्याला?"

पोस्टमन दोन घरे पुढे गेला होता. पंचशीलाने पान पदराखाली खोचले, माठातून पेला काठोकाठ भरला, आणि रस्त्यावर येऊन त्याला हाक मारली.