बटूला भीती शिकवताना

मांजर समोरून येत असताना पक्षी उडाला का नाही?

या एका प्रश्नानं माझ्या आजोबांची झोप उडाली होती. रिंगणबेटावर ते माशीमार पक्ष्यांचा (उडते किडे हवेतच टिपणारे, चिमणीएवढे पक्षी) अभ्यास करत. वादळात पडलेल्या घरट्यातली दोन पिल्लं त्यांनी चिमट्यानं किडे भरवून वाढवली. त्यातली मादी जंगलात सोडली, तर आमच्या डोळ्यांदेखत मांजरानं तिला उचललं. वेडी त्याच्याकडे टुकुटुकु बघत बसली होती! मला अजून रडू येतं.

"तिचं काय चुकलं, आजोबा?"

"काहीच नाही, यमू. या बेटावर जमिनीवरून येणारा शिकारी कधी नव्हताच. वरून ससाणा आला तर पळायचं, एवढंच यांना ठाऊक. मांजरं आणली आपल्या जहाजांनी."

आता उरला तिचा भाऊ, बटू. तो दिवसभर आजोबांच्या खांद्यावर! भीती शिकवल्याशिवाय त्याला सोडणं म्हणजे मांजराला ताट वाढणंच.

"पण भीती शिकवायची कशी?"

"साहचर्यानं (दोन गोष्टी एकदम घडल्या की मेंदू त्यांची गाठ मारतो). कुकरची शिट्टी ऐकली की तुला भूक लागते ना, तसंच. ससाणा दिसला की माशीमार जी धोक्याची हाक देतात, ती बटूला कळते. मांजर दिसताक्षणी त्याच हाकेचं ध्वनिमुद्रण ऐकवायचं. पुढे नुसतं मांजर दिसलं तरी तो पळेल."

आजोबांनी एक यंत्रमांजर बनवलं. धडा चालू असताना आम्ही पडद्याआड लपायचं आणि बाहेर यायचं नाही, असं मला दहादा बजावलं.

यंत्रमांजर पिंजऱ्याकडे सरपटत आलं. हाक घुमली. बटू अंग चोरून थरथरायला लागला. आणि काय सांगू! आजोबाच पडद्याबाहेर धावले. "अरे बाळा, मी आहे ना!" म्हणत थेट मांजराशेजारी उभे. हाक चालूच होती.

"आजोबा, मागे व्हा!" मी ओरडले. पण गाठ बसली होती.

दुसऱ्या दिवशी ते किड्यांची डबी घेऊन आले, तर बटू पिंजऱ्याच्या पार टोकाला जाऊन किंचाळला.

एवढे मोठे शास्त्रज्ञ आणि असं करतात? मी चांगली भांडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून एवढंच विचारलं,

"ही गाठ सुटेल ना?"

"सुटेल. रोज डबी घेऊन लांब बसलो, तर हळूहळू सुटेल." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "पण माझी सोडवताना मांजराचीही सैल झाली तर? नको. राहू दे."

त्यानंतर बटूला मीच पडद्याआडून खायला घातलं. सोडायच्या दिवशी दार उघडलं तेही लांबून, दोरीनं. आजोबा खोलीतच बसून राहिले.

पुढच्या वर्षी जंगलात बटू दिसला, दोन पिल्लांसकट! तेवढ्यात झुडपातून एक मांजर निघालं. बटूनं हाक दिली आणि पिल्लं भुर्रकन शेंड्यावर गेली. मांजर हात हलवत परतलं.

"बघितलंस? आता पिल्लांना बापच शिकवतोय. त्यांना माझ्या यंत्राची गरज नाही!" आनंदाच्या भरात आजोबा पुढे झाले. "बटू!"

बटूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तीच हाक दिली. तिघंही उडून गेले.

आजोबांचा हात आपोआप रिकाम्या खांद्यावर गेला. "शाब्बास रे माझ्या राजा," ते पुटपुटले. मग मला म्हणाले, "चल यमू, उगाच घाबरवायला नको त्याला."