अर्ध्यावरचा हेल

कवठे येमाईच्या धनगरवस्तीवर कुणी वारलं की भावकीला फोन जायच्या आधी कुशाबाईला बोलावणं जायचं. मेलेल्याचं नाव घेऊन ती जो हेल काढायची, त्यात त्याच्या मेंढरांपासून त्याला आवडणाऱ्या कालवणापर्यंत सगळं यायचं. हयातभर ज्यांचं त्या माणसाशी वाकडं होतं, त्यांनाही मग टोपीनं डोळे पुसावे लागायचे. वस्तीचा एक रिवाज होता. हेल काढणाऱ्या बाईनं आपलं आपण थांबायचं नाही. घरच्याच कुणीतरी पाठीमागून यायचं, तांब्या तिच्या तोंडाला लावायचा. तिनं घोट घेतला की हेल उतरला. असं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मी गेल्यावर कुशी रडंल, बास. मला दुसरं काय बी नगं," असं तिचा नवरा हरिबा येताजाता म्हणायचा.

"आधी मला जाऊ द्या, मग बगू कोन रडतंय," ती लटक्या रागानं म्हणायची आणि भाकरी जरा जोरातच थापायची.

त्यांचा मुलगा मल्हार कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर होता. मीटरचा काटा दाखवील तेवढंच खरं मानणारा, सरळ डोक्याचा माणूस. त्याची मोठी बहीण नकुशी दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन माहेरीच वारली. चुलता तेव्हा मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेवर होता, त्याला येणं जमेना. निदान पोरीचा हेल तरी त्याच्या कानी पडावा म्हणून मल्हारनं मोबाइलवर आईचं रडणं रेकॉर्ड केलं. आई रडत होती, मध्येच खोकत होती, पुन्हा सूर धरत होती. "नकुशे, तुजी येणी कोन घालील गं," असं म्हणून ती पुढं सरकणार, तेवढ्यात घरचा माणूस म्हणून मल्हारलाच हाक आली. त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं, तांब्या उचलला आणि आईला पाणी दिलं. चुलत्याला हेल पोचला. मोबाइलमध्ये मात्र तो तसाच राहिला, पाण्याशिवाय.

यंदा दुरुस्तीसाठी कंपनीचं युनिट बंद ठेवलं आणि कंत्राटी माणसं घरी बसली. मल्हारचा शाळेतला दोस्त इंद्रजीत जत्रांमधून भूतबंगला लावायचा. पत्रे, काळं कापड, लाल बल्ब आणि मागे धडधडणारा जनरेटर, एवढाच बंगला. मल्हारला त्यानं शेवटच्या वळणावरची हडळ केलं. पांढरं लुगडं नेसून, केसांचा टोप घालून, मान खाली घालून स्टुलावर बसायचं आणि माणसं जवळ आली की मान वर करायची. काम सोपं होतं, पण मल्हारला जमेना. पोरं खिदळायची. "मावशी, दाढी टोचती व्हय?" म्हणून एकानं तर त्याच्यासोबत फोटो काढून घेतला.

"मल्ल्या, लेका तू हडळ हाइस. रेशनच्या रांगेत बसल्यावानी काय बसतूस?" इंद्रजीत वैतागला. "कानात कायतरी गानं लाव. त्यो सापळ्याचं काम करतो ना, त्यो बी लावतो. अंगात यायला सूर लागतो."

मल्हारनं एका कानात इअरफोन घातला, वर टोपाचे केस घेतले. गजी ढोल लावून पाहिला तर पाय आपोआप ठेका धरायला लागले, आणि ठेका धरणाऱ्या हडळीला कोण भिणार? गाणी पुढं ढकलता ढकलता बोट त्या रेकॉर्डिंगवर पडलं. बंद करावं असं त्याला वाटलं. वाटलं होतं, हे खरं. पण तेवढ्यात माणसं वळणावर आली.

आईचा सूर कानात शिरला आणि त्याचे खांदे आपोआप पुढं झुकले. नकुशीची लांब वेणी आठवली, शेवटच्या दिवशी तिचा तापलेला हात हातात घेतला होता ते आठवलं. त्यानं मान वर केली. समोरची बाई किंचाळलीसुद्धा नाही; तोंडावर हात ठेवून भिंतीला धरत धरत बाहेर गेली. मागची पोरं पळत सुटली.

त्या दिवसापासून भूतबंगल्यापुढं पाळण्यापेक्षा मोठी रांग लागायला लागली. मल्हार रोज बसण्याआधी तेच लावायचा, आणि संपलं की पहिल्यापासून. आपल्या बहिणीच्या मरणाचा आपण तमाशा मांडलाय, हे त्याला कळत होतं. रोज घरी जाताना त्याची मान खाली असायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपार टळली की पाय पुन्हा जत्रेकडं वळायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला 'तुझ्यासारखा तूच' म्हटलं होतं.

याच सुमारास कुशाबाईचा आवाज बसला.

"घशाला नुसती कोरड पडती रं," ती म्हणायची. "कितीबी पानी पेलं तरी भागतच न्हाई."

मल्हार तिला शिरूरला डॉक्टरकडं घेऊन गेला. घशात काही नव्हतं. ज्या दिवशी पावसाच्या सरीनं जत्रा बंद राहिली, त्या दिवशी आईचा आवाज जरा मोकळा वाटला. मल्हारनं ते पाहिलं आणि मनातून झटकून टाकलं. हवेचा फरक असेल.

मग एकदा प्रगती, त्याची बायको, चुलत जावेबरोबर भूतबंगला बघून आली. जेवायला वाढताना म्हणाली, "अवो, तुमच्या मागं त्यो कोन हुबा असतो?"

"माज्या मागं? कोन न्हाई."

"असं कसं? टक्कल केलेला मानूस. खांद्यावर कोरा टावेल, घडीबी मोडल्याली न्हाई. हातात पान्याचा तांब्या. टावेलाचं टोक तांब्यात बुडालंय, त्याचंबी त्याला भान न्हाई. तोंड काय दिसलं न्हाई बाई, बल्ब मागनं व्हता." तिनं ताटात भाकरी ठेवली. "लै वंगाळ वाटलं मला. तुमी मान वर केली तवा न्हाई वाटलं एवढं."

दुसऱ्या दिवशी मल्हारनं इंद्रजीतला विचारलं.

"तुज्या मागं पत्रा, पत्र्यामागं जनरेटर," इंद्रजीत म्हणाला. "मानूस हुबा कुठं ऱ्हाईल?"

मल्हारनं मागे हात लावून पाहिला. पत्रा जनरेटरनं थरथरत होता. तो स्टुलावर बसला आणि रेकॉर्डिंग लावलं.

हरिबा गेला तो भर दुपारी, बाजेवर पडल्या पडल्या. फोन आला तेव्हा मल्हार टोप चढवत होता. तो वस्तीवर पोचला तर अंगण माणसांनी भरलेलं, आणि इतकं शांत की पारावरच्या माणसांची कुजबूज ऐकू येत होती. बाया कुशाबाईभोवती गोल करून बसल्या होत्या. ती नवऱ्याच्या उशाशी होती. तिनं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, अंग पुढंमागं झुललं. आवाज काही आला नाही.

"कुशे, रड की गं," शेजारची सोजरबाई तिला हलवून म्हणाली. "आबा वाट बगत्यात."

ती पुन्हा पुन्हा तोंड उघडत होती. शेवटी पुरुष माणसं चुळबुळायला लागली आणि हरिबाला हेलाशिवाय उचलला. साऱ्या वस्तीसाठी रडणाऱ्या बाईचा नवरा मुक्यानं गेला. खांदा देताना मल्हारला आबांचं ते 'बास' आठवलं. उभ्या जन्मात एवढंच मागितलं होतं त्यांनी, आणि तेवढंही आपण जत्रेत उधळलं. ही गोष्ट तो कुणाला सांगणार होता, आणि सांगून कोण खरं मानणार होतं?

दशक्रियेला घोडनदीच्या काठी त्यानं डोक्यावरचे केस उतरवले. सासरच्यांनी रिवाजाप्रमाणे टॉवेल-टोपी आणली. टोपी त्यानं प्रगतीकडं दिली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि घरी आल्या आल्या घरामागं जाऊन मोबाइल काढला. रेकॉर्डिंग न ऐकताच पुसून टाकलं.

तोच घरातून हेल उठला.

पहिल्यासारखाच, भरल्या गळ्याचा. मल्हार धावत सुटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आली, आईची वाचा आली, आता आबांचं होईल. सोजरबाई चप्पल न घालता अंगणातून पळत येत होती.

कुशाबाई भिंतीकडं तोंड करून, केस सोडून, मान खाली घालून बसली होती.

"नकुशे," ती रडत होती. "माजे नकुशे..."

मल्हार दारात थबकला. मध्येच आई खोकली. तो खोकला त्याला पाठ होता. त्यानंतरचा श्वासही पाठ होता. आबांचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

"तुजी येणी कोन घालील गं," आणि हेल कापल्यासारखा थांबला.

मग पहिल्यापासून सुरू झाला.

सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. "पानी दे रं तिला," ती म्हणाली. "तूच दे, घरचा हाइस."

मल्हारनं तांब्या भरला. आईच्या मागून वाकून तो तिच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. तिनं घोट घेतला नाही.

"आय," तो म्हणाला. "आय, मी हाय. घे."

खोकला. श्वास. येणी कोन घालील गं.

पुन्हा पहिल्यापासून.

तो तसाच तिच्या मागं उभा राहिला.

प्रगती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. ती सासूकडं बघत नव्हती. नवऱ्याकडं बघत होती, ओळख नसलेल्या माणसाकडं बघावं तसं. तिच्या हातातली टोपी खाली पडली.

"अवो," ती कशीबशी म्हणाली, "त्यो टावेल..."

मल्हारनं खाली पाहिलं. कोऱ्या टॉवेलाचं टोक तांब्यात बुडालं होतं.