प्रस्थान

नवऱ्याचा, तेजसचा फोन आला तेव्हा मोहिनी सासूबाईंसाठी, बेबाबाईंसाठी बिस्किटांचे पुडे बॅगेत कोंबत होती. मुंबईहून शनिवारी रात्री सुटणारं क्रूझ आता संध्याकाळी पाचलाच सुटणार होतं. तीननंतर कुणालाही चढू देणार नव्हते. तेजस ठाण्याहून परस्पर बंदरावर येणार होता. धुळ्याहून निघायचं ते या दोघींनी, गाडीने, आणि आता दहाऐवजी सकाळी सहालाच.

बेबाबाईंनी कॅलेंडर पाहिलं आणि बसकणच मारली. शनिवारी सकाळी नऊपर्यंत अमावास्या होती. जन्मात समुद्र न पाहिलेली ही बाई महिनाभर सगळ्या गल्लीला जहाजावरच्या जेवणाची वर्णनं ऐकवून पिडत होती, आणि आता म्हणे अमावास्येला उंबरा ओलांडणार नाही. मोहिनीला रडूच यायचं बाकी होतं. स्वतःची आई गेल्यावर ‘आई’ म्हणून हाक मारायला तिला ही एकच बाई उरली होती. तिला समुद्र दाखवायचाच, हे मोहिनीच्या मनाने घेतलं होतं.

तोड बेबाबाईंनीच काढली. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगला दिवस बघून आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तिथूनच सुरू झाला असं धरतात, मग प्रत्यक्ष केव्हाही निघा. गुरुवारी सकाळी हिरवं लुगडं, सुपारी आणि चपला एका पिशवीत घालून त्या ती शेजारच्या लताबाईंकडे ठेवून आल्या.

“परस्थान ठेवं का मानूस निंघी गया समजानं.”

“मग घरात मागे राहतं ते कोण, आई?” मोहिनीने थट्टा केली.

बेबाबाईंनी हसून ओठांवर बोट ठेवलं. “त्यानं नाव लेतस नही, माय.”

त्या दुपारपासून घर गप्प झालं. त्यांचा चष्मा चुकून पिशवीतच गेला होता, तरी शुक्रवारी त्या तांदूळ निवडत बसल्या, एकेक खडा बरोबर वेचत. ताटातली भाकरी तशीच राहिली. हाक मारली तरी ओ देईनात. अमावास्येची धास्ती घेतली असेल, असं म्हणून मोहिनीने मनाची समजूत घातली.

शनिवारी त्यांना मागच्या सीटवर बसवून ती पिशवी आणायला गेली. लताबाई अंगणात सडा टाकत होत्या.

“पिशवी? ती तं बेबाअक्का लई गयात. काल रातलेच निंघी गयात, हिरवं लुगडं नेसीसन. मी इचारं, सून कोठे शे?”

मोहिनीने वळून पाहिलं. गाडीत बेबाबाई बसल्या होत्या, राखाडी लुगड्यात, समोर बघत. लताबाईंना झोपेची गोळी अंमळ जास्तच लागलेली दिसते, असं पुटपुटत तिने गाडी काढली. वाद घालायला वेळ कुठे होता?

मालेगाव गेलं. चांदवडला तिने पाण्याची बाटली मागे धरली. कुणी घेतली नाही. नाशिकही गेलं.

कसारा घाटाच्या अलीकडे फोन वाजला. तिने गाडी कडेला घेतली.

“मोहिनी, आहेस कुठे?” तेजस म्हणाला. “आई तर केव्हाची आली. एकटीच एसटीने आली म्हणते!”

“आई माझ्याबरोबर आहे.”

तो हसला. फोन दुसऱ्या हातात गेला.

“समिंदर देखा वं माय! बठ्ठा पानीच पानी!” तोच आवाज, तीच घाई. “तू कोठे शे?”

“आई,” मोहिनी कुजबुजली, “मग माझ्या गाडीत मागे कोण आहे?”

पलीकडे वाऱ्याचा आवाज वाढला; बेबाबाई फोन घेऊन तेजसपासून दूर गेल्या असाव्यात.

“तिनासंगे बोलू नको,” बेबाबाई हळूच म्हणाल्या. “तिले घर लई जाय. मी येस.”

मोहिनीने गाडी वळवली. धुळ्यापर्यंत तिने आरशात पाहिलं नाही.

तेजस आणि बेबाबाईंना घेऊन जहाज गेलं. गाडीतून परत आणलेली ती घरात खाटेवर बसून राहिली, दिवसा आणि रात्रीही. मोहिनी स्वयंपाकघरात दिवा लावून निजायची आणि जहाज परतण्याची वाट बघायची. भीती वाटायची, आणि आईची आठवण तर फारच यायची.

बुधवारी दुपारी फाटक वाजलं. तेजसचा आवाज आला, मागोमाग ती हाक.

“मोहिनी, दार उघड वं!”

मोहिनी धावली. खाट रिकामी होती.

ती आधीच दारापाशी पोचली होती. तिने आतून कडी घातली, दाराला कान लावला, आणि गुरुवारनंतर पहिल्यांदाच बोलली. आवाज आईचाच होता.

“कोन शे?”