जड लागलेला माऊस

मस्कतहून आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. कृष्णकांतांनी कितीदा तरी कागद पुढे ओढला होता, 'स. न.' लिहिलं होतं आणि पेन मिटून ठेवलं होतं.

अब्दुल्ला मुकादम तिथे एका गोदामावर मुकादमी करत. फोनवर बोललं की सगळं घर ऐकतं, म्हणून त्यांनी हाताने लिहिलं होतं. 'माझ्या अदीबने फसवणूक केली असेल तर तसं कळवा. मी त्याचं कॉलेज सोडवतो आणि इथे माझ्या हाताखाली घेतो. केली नसेल तर तेही कळवा. खरं काय ते समजल्याशिवाय मला त्याच्याशी बोलवत नाही.'

सुमती म्हात्रे पनवेलमध्ये खासगी तपासाची कामं घेत. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले कृष्णकांत त्यांचा पत्रव्यवहार सांभाळत. मुलगा दोषी आहे असं त्यांना आतून वाटत होतं. पण आपल्याला वाटतं त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

प्रकरण २०१६ सालच्या हिवाळ्यातलं. नवीन पनवेलमध्ये हितेश भोईरचा गेमिंग कॅफे होता. तिथे कॉम्प्युटरवरच्या बंदूकबाजीच्या खेळाचे सामने झाले. अदीब हितेशच्याच संघातला, सगळ्यांत तयारीचा. जेवणाच्या सुट्टीनंतर अंतिम सामना सुरू झाला आणि समोरच्या संघातल्या निशाने तक्रार केली. पंचांनी अदीबचा छोटा वायरलेस माऊस तपासला. बाजूचं बटण एकदा दाबलं की गोळ्यांची माळ सुटत होती. तशी आज्ञा माऊसच्या आतच साठवून ठेवलेली होती, आणि सामन्यांत तशाला बंदी असते. अदीबला सगळ्यांसमोर उठवलं. त्याला बाहेर काढतानाचा व्हिडिओ अजून पोरांच्या फोनवर फिरत होता.

सुमतीबाई आणि कृष्णकांत अदीबच्या घरी गेले तेव्हा त्याची आई अस्मा हिने दार उघडलं. मुलगा खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"बोलतच नाही कुणाशी," ती म्हणाली. "एवढंच म्हणतो, त्या दिवशी माऊस जड लागत होता."

मनावर ओझं असलं की सगळंच जड लागतं, असं कृष्णकांतांच्या मनात आलं. सुमतीबाईंनी मात्र अदीबला माऊस कसा धरतोस ते दाखवायला सांगितलं. त्याने नाइलाजाने हात टेबलावर ठेवला. बोटं लांबसडक. फक्त बोटांची टोकं खाली टेकली, तळवा कमानीसारखा वरच राहिला. एवढ्या मोठ्या हाताला एवढा छोटा माऊस कसा चालतो, असं कृष्णकांतांनी विचारलं. छोटा असला की बोटांनीच फिरतो, मनगट दुखत नाही, असं तो पुटपुटला.

टेबलावरच्या पेल्यात बारीक सेल पडले होते.

"माझा फॉइलचा रोल याच खेळापायी संपायचा," अस्मा म्हणाली. "पोळ्या गुंडाळायला उरायचा नाही. आता तसाच पडून आहे."

पंचांनी परत दिलेलं पाकीट अदीबने उघडलंच नव्हतं. सुमतीबाईंनी उघडलं. माऊसची पाठ तुळतुळीत झाली होती आणि दोन्ही बाजूंचं रबर सगळीकडून सारखंच झिजलं होतं. आत हिरव्या पट्ट्याचा जाडा सेल होता.

अदीबला उठवल्यावर त्याचा मावसभाऊ झुबेर त्याच्या जागी खेळायला बसला होता. तो बापाच्या कापडदुकानात भेटला. सगळे त्याच्यावरच शक घेतात आणि अस्माखाला, त्याची मावशी, दारात उभं करत नाही, हे त्याने खाली बघतच सांगितलं. मग तो म्हणाला, माऊसचा नखाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या डब्याला मागून लावावा लागतो. कुणी पार्ट चोरू नयेत म्हणून सगळे डबे जाळीच्या कपाटात, कुलपात असतात. खेळाडूंचे रिसीव्हर सकाळी हितेशभाईनेच लावून दिले होते.

निशा विचुंब्याच्या नव्या इमारतीत राहायची. पडद्यावर दिसलं म्हणून तक्रार केली, परत दिसलं तर परत करीन, असं तिने ठणकावलं. "आणि माझा फायदा काय? मुंबईच्या मोठ्या संघाचा माणूस आला होता, तो अदीबला न्यायला. मला नाही."

हितेशने चहा मागवला. अंतिम सामना हरल्याचं दुःख त्याच्या बोलण्यात खरं होतं. माऊसचा विषय निघाला तसा तो खुलला. कॅफेचे आणि अदीबचा एकाच खेपेत आणले होते, असं तो सांगू लागला.

"छोटा हाय, पण कुनाच्याबी हातात बसतो. गिऱ्हाइकं आपटतात, घामट हात लावतात, तरी बटन मेला नाय. सामन्याच्या सकाळी कॅफेच्या सगळ्या माऊसना नवे सेल मीच टाकतो. मधेच बंद पडला तर इज्जत जाते."

"खेळाडूंच्या माऊसनाही?" सुमतीबाईंनी विचारलं.

"नाय. त्यांचं त्यांनी बघायचं. आमी हात नाय लावत."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅफे बंद ठेवून सगळ्यांना तिथे बोलावलं. अदीबही आला, आईच्या मागे उभा राहिला.

"काका, एकेक माऊस उचलून बघा," सुमतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला यातलं काही कळत नाही, तेच बरं."

कृष्णकांत टेबलामागून टेबल पुढे सरकले. सगळे सारखेच वाटत होते आणि आपलं हसं होतंय की काय अशी शंका त्यांना यायला लागली. खिडकीजवळचा माऊस उचलला आणि हात नको तितका वर गेला. त्यांनी झाकण उघडलं. आत बारीक सेल, आणि उरलेल्या जागेत फॉइलचा बोळा.

अदीब पुढे आला. "हा माझा आहे."

"तुझाच," सुमतीबाई म्हणाल्या. "माऊस हलका व्हावा म्हणून तू जाड्या सेलच्या जागी बारीक सेल आणि फॉइल घालायचास. पंचांनी धरलेल्या माऊसमध्ये जाडा सेल होता, म्हणून तो तुला जड लागला. त्याची पाठ तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेली. तुझा तळवा तर टेकतच नाही. एका माणसाचा माऊस ठरावीक जागीच झिजतो. हा सगळीकडून झिजला होता, म्हणजे अनेकांच्या हातातला. कॅफेचा. सेलही हिरव्या पट्ट्याचा, इथल्या सगळ्या माऊसमध्ये आहे तसाच."

"पण बदलला कुणी?" कृष्णकांत म्हणाले.

"जेवणाच्या सुट्टीत माऊस बदलायचा, तर रिसीव्हरही बदलावा लागतो. तो कुलपाच्या आत. झुबेर किंवा निशा तिथे पोचू शकत नव्हते. किल्ली एकाच्याच कमरेला असते."

"पण हा तर त्याचाच संघ. हरला तोच ना?"

"सामना हरला, काका. अदीबला मुंबईला जाऊ द्यायचं नव्हतं, त्यासाठी."

हितेश खुर्चीत बसला. त्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"मीच त्याला बसवला, मीच शिकवला," तो म्हणाला. "एक दिवस बदनाम झाला तर ते लोक निघून जातील, आनी ह्यो हितंच राहील, असं वाटलं. येवढं होईल असं नाय वाटलं."

अदीबने स्वतःचा माऊस हातात घेतला नाही. तो आईला घेऊन जिना उतरला. झुबेर मागून गेला. या वेळी अस्माने त्याला अडवलं नाही. हितेशने तिथे बसूनच पंचांच्या नावे कबुलीजबाब लिहून दिला.

संध्याकाळी कृष्णकांत मस्कतच्या पत्राला उत्तर लिहायला बसले. 'मुलगा आता ठीक आहे' असं त्यांनी लिहिलं आणि खोडलं. ते त्यांना दिसलं नव्हतं. मग खाली लिहिलं : 'तुमच्या मुलाने फसवणूक केली नाही. माऊस जड लागत होता हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीही ऐकलं नाही. पुढचं पत्र कृपया मला नको, त्याला लिहा.'

पुन्हा वाचलं तर आपला हात पुन्हा थबकेल, हे त्यांना माहीत होतं. न वाचताच त्यांनी पाकीट चिकटवलं, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाच्या खिडकीवर दिलं, आणि कारकुनाने शिक्का मारेपर्यंत तिथेच उभे राहिले.