तळ्याचं रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाहीतर सोडून द्या. पण नंतर मला 'तुम्ही बनवून सांगता' असं म्हणायचं नाही. शुक्रवारी जे झालं, तेव्हा मी त्या खोलीत हातात सुपाचा वाडगा घेऊन बसलो होतो. बाकीचं मला माझ्याबरोबर शिकवणाऱ्या ड्वेनने सांगितलं, आणि ड्वेन खोटं बोलण्यातला माणूस नाही.

जागा अमेरिकेत मिनेसोटा राज्यातलं एक छोटं कॉलेज. नाव सांगत नाही. मागे तळं आहे, आणि जानेवारीत त्यावर ट्रक चालेल इतका जाड बर्फ होतो.

आमच्याकडे माणसं कमी, त्यामुळे भौतिकशास्त्रवाला संगीतवाल्याच्या खोलीत चहा पितो आणि दोघं मिळून काहीतरी संशोधन काढून बसतात. आर्डिस आणि लोवेल तर नवरा-बायकोच. ती भौतिकशास्त्र शिकवायची, तो संगीत. दोघांनी मिळून धरलेला विषय एकच...

बर्फाचा आवाज.

संध्याकाळी थंडी वाढली की तळ्याचा बर्फ आकसतो आणि आवाज करतो. लांब, बारीक, शीळ घातल्यासारखा. पहिल्यांदा ऐकणारा माणूस जागच्या जागी थांबतो.

"गातोय बघ," लोवेल म्हणायचा.

"गात नाहीये. तडकतोय," आर्डिस म्हणायची.

"अगं, किती रुक्ष बाई आहेस तू!"

"आणि तू किती भाबडा! उद्या म्हणशील, फ्रिजसुद्धा भैरवी गातो."

असं त्यांचं बारा वर्षं चाललं होतं. भांडणातूनच त्यांचं काम पुढे सरकायचं. त्याला सूर ऐकू यायचे, ती ते मोजायची.

त्यांची एक पद्धत होती. बर्फाला भोक पाडून खाली पाण्यात माईक सोडायचा. मग रेकॉर्डिंग उघडणाऱ्याने मोठ्याने बोलायचं, "मी अमुक. तळ्याच्या मधोमध. ऐकतोय." त्यानंतर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शेवटी म्हणायचं, "झालं. घरी चाललो." आणि मशीन बंद.

लोवेलचा नियम कडक होता. जो उघडेल, त्यानेच बंद करायचं. दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत एका संध्याकाळी दोघं तळ्यावर गेले. आर्डिसचा गुडघा ठणकत होता. काठी टेकत, लोखंडी टोक बर्फात रुतवत ती कशीबशी मधोमध पोचली. लोवेल नेहमीसारखा खुशीत. "आज सूर लागलाय बघ!"

ती वैतागली.

"मी चालले सूप ठेवायला. तुझं गाणं तूच ऐकत बस!"

तो हसला. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

सूप झालं. अंधार पडला. लोवेल आला नाही.

ती परत गेली, तेव्हा तो माईकच्या भोकाशेजारी आडवा पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मशीन मात्र बॅटरी संपेपर्यंत चालूच होतं.

ते शेवटचं रेकॉर्डिंग आर्डिसने ऐकलं नाही. वर्षभर नाही. तिला एकच भीती होती. त्यात तो तिला हाक मारत असेल तर?

हाक मारणाऱ्या माणसाला 'ऐकत बस' म्हणून ती टाकून आली असेल तर?

हे कुणाला सांगायचं? ड्वेनला सांगितलं. ड्वेन तत्त्वज्ञान शिकवतो, शेजारी राहतो, आणि लोवेलचा जिवलग होता.

या हिवाळ्यात तिने काम पुन्हा सुरू केलं. एकटीने. तीच जागा, तसंच भोक. "मी आर्डिस. तळ्याच्या मधोमध. ऐकतेय."

घरी येऊन तिने ते लावलं.

बर्फ शीळ घालत होता. मग शांत झाला.

आणि मग...

खर्र. खर्र.

कुणीतरी बर्फावरून चालत येत होतं. पाण्यातल्या माईकला वरची पावलं स्वच्छ ऐकू येतात. जड बूट. काठी नाही.

पावलं जवळ आली. भोकापाशी थांबली.

आणि थांबूनच राहिली.

"मासे पकडायला आलेला असेल कुणी," ड्वेन म्हणाला.

"अरे, मी तिथेच उभी होते! कुणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी, रात्री पडलेल्या ताज्या बर्फावर दोघं मिळून गेले, रेकॉर्डिंग केलं आणि परत आले. ठसे होते ते त्यांचेच. ड्वेनचे, आर्डिसचे आणि काठीची बारीक भोकं. ऐकताना मात्र तिसरी पावलं आली. खर्र... खर्र... थेट भोकापर्यंत.

आर्डिसचा चेहरा बघवत नव्हता. भीती नव्हती त्यात. मुलीला नवा फ्रॉक दिल्यावर होतो, तसा झाला होता.

"तोच आहे," ती म्हणाली. "डावा पाय किंचित घासतो. ऐक ना! तोच आहे रे!"

त्यानंतर ती रोज जायची. रोज पावलं यायची. 'झालं, घरी चालले' असं म्हणून ती मशीन बंद करेपर्यंत पावलं तिथेच उभी असायची. पुढे नाही, मागे नाही.

"हा जात का नाही?" तिने एकदा विचारलं.

ड्वेनच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याचा त्याला आजही पश्चात्ताप होतो.

"तू तुझं बंद करतेस, आर्डिस. त्याचं उघडंच राहिलंय."

आमच्याकडे शुक्रवारी दुपारी सगळे प्राध्यापक एकत्र जेवतात आणि एकजण आपलं संशोधन सांगतो. इतिहासवाल्याने बेडकांवर प्रश्न विचारायचे, रसायनवाल्याने कवितेवर. जेवणाइतकीच त्यात मजा असते. त्या शुक्रवारी पाळी आर्डिसची होती.

ती उभी राहिली. काठी टेबलाला टेकवली.

"हे काम आम्हा दोघांचं आहे," ती म्हणाली. "त्याच्या वाटचं तुम्ही त्याच्याच आवाजात ऐका. मीही पहिल्यांदाच ऐकतेय."

"आर्डिस, नको गं," ड्वेन पुटपुटला. "सगळ्यांसमोर नको."

"एकटीने माझ्याच्याने होणार नाही, ड्वेन."

तिने बटण दाबलं.

"मी लोवेल. तळ्याच्या मधोमध. ऐकतोय."

खोलीतले चमचे थांबले. भर दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

बर्फ शीळ घालू लागला. लांबलचक, खाली खाली उतरत जाणारी. मग धप्प. पडल्याचा आवाज.

आर्डिसने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

आम्ही सगळे हाक यायची वाट बघत होतो...

हाक आली नाही.

बारीक गुणगुणणं आलं. श्वास लागलेला होता, पण सूर पक्का. बर्फाचा सूर जिथे उतरत होता, तिथेच त्याचाही उतरत होता. पडल्या पडल्या तो त्याच्याबरोबर गात होता. मग तेही विरलं.

आर्डिस रडायला लागली. "गात होता की रे," एवढंच ती म्हणाली. "खरंच गात होता."

संपलं, असं आम्हाला वाटलं. ड्वेन उठलाही.

आणि मग...

खर्र. खर्र.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये. तो पडल्यानंतर. पावलं उठली, भोकाभोवती फिरली आणि थांबली. बॅटरी संपायला आली होती, आवाज घरघरत होता, आणि ती पावलं नुसती उभी होती. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून.

आर्डिस पुढे वाकली. लोवेलचा नियम तिने बारा वर्षांत पहिल्यांदा मोडला.

"झालं," ती म्हणाली. "घरी चल, लोवेल. सूप तयार आहे."

खर्र.

पावलं निघाली. खोलीतल्या आम्हा सगळ्यांनी ते ऐकलं. खर्र, खर्र, लांब, आणखी लांब. मग काही नाही.

एक वर्षापूर्वीचं रेकॉर्डिंग आजच्या बोलण्यावर कसं चालू लागलं? मला विचारू नका. भौतिकशास्त्रवाल्यांनाही सांगता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी आर्डिसने खरंच सूप ठेवलं. दोन वाडगे मांडले. अंगणातला दिवा लावला. आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना घराचं दार सताड उघडं ठेवलं.

सकाळी ड्वेन गेला, तेव्हा घरात बर्फाची भुकटी उडून आली होती. ती कोट घालून टेबलाशी बसली होती. दोन्ही वाडगे भरलेले.

नंतर ती तळ्यावर गेली. बर्फ तसाच शीळ घालत होता. पण पावलं... नाहीत. त्या दिवशी नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत. पुन्हा कधीच नाहीत.

रोज भेटायला येणाऱ्या माणसाला तिने स्वतःच्या तोंडाने पाठवून दिलं होतं.

पंधरवड्याने ती ड्वेनकडे मशीन घेऊन आली. "ऐक."

"मी आर्डिस. तळ्याच्या मधोमध. ऐकतेय." मग शांतता. बर्फ. आणि मग...

खर्र. खर्र. टक.

खर्र. खर्र. टक.

दोन बूट आणि एक काठी.

"ही तूच चालतेयस," ड्वेन म्हणाला.

"कालचं आहे. मशीन चालू ठेवून मी निघून आले. 'झालं' न म्हणताच."

ड्वेनच्या हातातला कप थांबला. "काल संध्याकाळी तू इथे होतीस. माझ्यासमोर. पावाचा तुकडा मोडत बसली होतीस."

"हो."

"मग हे कोण?"

ती हात चोळत राहिली.

"आर्डिस, हे ताबडतोब बंद कर. नाहीतर मी करतो. झालं, घरी..."

"तोंड उघडू नकोस!" ती इतक्या जोरात ओरडली की त्याचं कुत्रं खाटेखाली गेलं. मग तिचा आवाज एकदम बसला. "तो घरी आला नाही रे, ड्वेन. मी दार उघडं ठेवलं होतं. तो आलाच नाही. कुणीतरी त्याला शोधायला नको का?"

ड्वेनने हातातला कप खाली ठेवला.

आर्डिस अजून शिकवते. बोलते, हसतेही. पण वर्गात मध्येच थांबते आणि हात चोळते, कितीही हीटर लावला तरी. पुन्हा तळ्यावर ठेवलेल्या मशीनची बॅटरी ती रोज बदलते. ते रेकॉर्डिंग अजून उघडंच आहे.

परवा ड्वेनने मला त्याचा आत्तापर्यंतचा भाग ऐकवला. काठीचा आवाज आता पूर्वीपेक्षा लांबून येतो. खर्र, खर्र... टक. किनाऱ्याकडे येत नाही, पलीकडे चाललाय.

दुसऱ्या पावलांचा आवाज अजून आलेला नाही. आम्ही दोघं कान लावून शेवटपर्यंत ऐकत बसलो होतो.