कुसळाचा गुण

येळवशीच्या दिवशी लातुरात उपाशी राहणं माझ्यासारख्या मुदखेडच्या वेडीलाच जमावं! खाणावळ बंद, दुकानं बंद, गल्ल्या ओस… सगळं गाव आपापल्या शेतात अमावास्या साजरी करायला गेलेलं आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग काय, पोटात कावळे ओरडत असताना मी गायरानावर माझ्या प्रबंधासाठी गवत मोजायला निघाले.

"ओ म्याडम! हितं काय हरवलंय तुमचं?"

बांधापलीकडे एक उंच तरुण उभा होता. हातात आंबिलीचं मडकं, डोळ्यांत नुसतं हसू.

"काही नाही. गवताची पानं मोजतेय."

"जेवलाव का?"

मी मान हलवली. त्यानं मागं वळून हाक दिली, "अव्वा, पाहुणी आली बघ! पानं मोजून पोट भराय लागली!"

त्याचं नाव वीरण्णा. त्याच्या आईनं, दानम्मांनी, मला पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीसमोर बसवलं, नाव-गाव विचारलं आणि येळवशीची ओल्या दाण्यांची भाजी, भज्जी, वाढली. "शिवगंगा, यंदा भज्जीत निस्ती तूरच हाय गं बाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "वटाणा वाळला, हरभरा उगवलाच न्हाई."

"तुरीचं मूळ खोल जातं ना," मी म्हणाले. "वरची ओल आटली तरी ती खालून पिते."

"म्हंजी तूर लई खोल मनाची," वीरण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला. मला ठसका लागला. आंबील आंबट होती म्हणून, बरं का!

निघताना त्यानं माझ्या साडीकडे बोट दाखवलं. काठभर कुसळं चिकटलेली. "लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणत्यात… तुमी तर काठाला लावून मिरवताव!"

मग रोज संध्याकाळी बैल पाण्यावर नेताना तो गायरानात मोजणीच्या तुकड्याला मी घातलेल्या काट्यांच्या कुंपणाशी थांबायला लागला. मी त्याला सांगायची. लातूर जिल्हा झाला, गायरानातली बरीच जमीन नव्या कचेऱ्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर सगळी जनावरं आली. त्यात हा दुष्काळ. मऊ पानांचा पवना जनावरांनी खाऊन संपवला आणि टोकदार बियांचं कुसळी गवत माजलं. त्याला जनावर तोंड लावत नाही, आणि बी मात्र कपड्याला, लोकरीला धरून कुठल्या कुठं जातं.

"गवत बदललं की मेंढ्या बदलतात, पाखरं बदलतात, मातीसुद्धा बदलते."

"आन् माणूस?"

"माणसाचं मी मोजत नाही."

"मोजा की कवातरी…"

तेवढ्या कुंपणाआडच्या तुकड्यावर माझा सगळा प्रबंध उभा होता. चैत्रापर्यंत मोजणी संपवून नांदेडला परत जायचं, तिथं कॉलेजात नोकरीला लागायचं, असं ठरलेलं. हल्ली ते आठवलं की उगाच उदास वाटायचं.

शिवरात्रीला घरी जाऊन आले आणि कुंपणापाशी थबकले. आत खळ्यासारखी स्वच्छ जमीन! एक काडी शिल्लक नाही. मधोमध वीरण्णा खुरपं घेऊन उभा, घामानं निथळत, चेहरा फुललेला.

"घ्या! समदं खुरपून टाकलं. आता एक कुसळ लागणार न्हाई तुमच्या साडीला."

दुसरा कुणी गजरा आणतो. यानं खुरपणी केली!

मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. "अहो, कुसळच तर मोजत होते मी…"

त्याचं तोंड एवढंसं झालं. तसाच तो निघून गेला, आणि मग कितीतरी दिवस फिरकलाच नाही. रागावले होते मी, आणि वाटही त्याचीच बघत होते. काय म्हणावं या मनाला!

एका सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा. "चला."

त्याच्या शेताच्या कोपऱ्यात आजोबांची समाधी होती. भोवती गुडघ्याएवढा पवना… वाळलेला, पण दाट.

"हितं कुणी ढोर सोडत न्हाई, खुरपं लावत न्हाई. हितं मोजा. काम पुरं करा…" तो अडखळला. "आन् जावा नांदेडला."

गायरान पूर्वी असंच असणार. माझं काम यावर सहज निभावलं असतं. तरी आनंद म्हणून होईना.

दानम्मा तिथंच बसल्या होत्या. शेजारी बैल, बरगड्या वर आलेले. "यंदा हे कापून बैलास्नी घालावं म्हणत होते. आज्जा काय रागावला नसता. पर ह्यो ऐकंना. म्याडमचं गवत हाय म्हणतो."

मी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "अव्वा, अर्धं कापा."

"आन् तुमचं काम?" वीरण्णा म्हणाला.

"पवना वरून कापला तर मरत नाही. बुडखा जिवंत राहतो, ओल मिळाली की पुन्हा फुटतो. मुळासकट खुरपला तरच जातो." मी डोळे वटारले. त्यानं मान खाली घातली. "अर्धा कापलेला, अर्धा तसाच. कोणता कसा येतो ते बघेन मी."

"कवा कळंल?"

"पावसाळा संपल्यावर."

त्यानं मान वर केली. "म्हंजी… चैतात जाणार न्हाई तुमी?"

"प्रबंध लांबेल. नोकरीही लांबेल."

"आन् पाऊस न्हाईच आला तर?"

"तर त्याच्या पुढच्या साली. तुमची काही अडचण?"

"माझी?" तो जवळ आला. पहिल्यांदाच 'म्याडम' म्हणाला नाही. "शिवगंगा… मला तुमी लई आवडताव. खुरपलं बी त्याच्यापायीच."

माझे कान तापले. तो खाली वाकून माझ्या काठाची कुसळं काढायला लागला… मान वर करायची हिंमत नसेल बहुतेक.

"एक राहू द्या," मी हळूच म्हणाले. "धरून बसायचा गुण आहे त्याचा. माझाही आहे."

"वीरण्णा!" दानम्मा ओरडल्या. "आधी विळा घे. बैल उपाशी हायत. पोरगी काय पळून चालली न्हाई!"

नव्हतेच चालले मी.