झूलाघराचं दार

हे खरं आहे. माझ्यावरच गुजरलंय. संहिता झोपलीये, ती उठेपर्यंत जेवढं जमेल तेवढं लिहिते.

मे २००१. इंदूर. भर दुपार.

एका बंद मिलचं ऑफिस कंप्यूटरच्या कंपनीनं घेतलं होतं. माझा नवरा हृषीकेश तिथल्या दारांना कार्डाचं लॉक बसवत होता. जुनं कुलूप तसंच ठेवायचं, चौकटीत फक्त विजेचा खटका. बाहेरून कार्ड दाखवलं की दार उघडतं. लाईट गेली तर जुनी किल्ली. आतून मात्र नुसतं हँडल फिरवायचं.

मी आत बसून कार्डांचे नंबर भरत होते. नऊ महिन्यांची संहिता सतरंजीवर झोपलेली. दात येत होते तिला, रात्र रात्र जागवायची. माझे डोळे उघडे राहत नव्हते.

"मंजिरी, बाहेर ये ना. कार्ड टेस्ट करू."

मी बाहेर आले. दार मागे लागलं...

आणि लाईट गेली.

"किल्ली दे."

किल्ली पर्समध्ये. पर्स आत.

"वा! धन्य आहेस बाई!" तो हसला.

मग संहिता रडायला लागली. त्याचं हसू गेलं.

खोलीला खिडकी नव्हती. पंखा बंद. खटक्याची बॅटरी उद्या येणार होती. खटक्याचे स्क्रू दाराच्या आड. रडून रडून तिचा आवाज बसला. मी दारावर थापा मारत होते. "आले गं राणी, आले..."

मग...

एकदम शांत.

आत कुणीतरी थोपटत होतं. थप्... थप्... एक बाई हळू गुणगुणत होती.

"ऐकतोयस ना?"

हृषीकेशनं पेचकस खाली ठेवला.

आतून हँडल फिरलं...

लाईट अजून आली नव्हती.

आत फक्त संहिता. गाढ झोपलेली. घामेजलेले केस मागे सारलेले. मनगटात कोऱ्या सुताचा धागा, तीन गाठींचा.

हृषीकेशनं घाबरून तो धागा कटरनं कापून टाकला.

तेवढ्यात चौकीदार उदयसिंहजी आले. जमिनीवरचा धागा पाहून दारातच थांबले.

"अरे भिया, काट दिया? ये कमरा मिल का झूलाघर था, काम पे आई औरतें बच्चे यहीं छोड़ती थीं. बच्चे बदल नी जाएँ, इसलिए शांता आया धागा बाँधती थी. माँ खुद आके गाँठ खोले, तभी बच्चा देती थी."

"कुठे असतात त्या?" मी विचारलं.

"मिल बंद हुई, उसी साल गुजर गई."

वर्ष झालं. संहिता आता चालते. मला पाहून धावत येते, गळ्यात पडते.

पण तिला उचलायला मी हात पुढे केले की...

ती आधी मान वळवून मागे बघते. कुणाला तरी विचारल्यासारखं.